लग्नाच्या कागदासाठी फोटो

पालघरला आमचं फोटोचं दुकान आहे. कॅमेरा मीच सांभाळते. मागे डोंगरातल्या पाड्यावरचं एक जोडपं लग्नाच्या नोंदणीसाठी फोटो काढायला आलं होतं. दोघांचेही केस पिकायला लागलेले. गावजेवण घालायला जमलं नाही म्हणून लग्नावाचूनच वीस वर्षं संसार केलेला. त्यांच्याकडे त्याला कुणी नावं ठेवत नाही. आता सामुदायिक विवाहात त्यांचा नंबर लागला होता.

तो बाकावर ऐसपैस बसला. ती मात्र कडेला टेकली, पायांतल्या चपला न काढता.

"जवळ सरका," मी म्हटलं. ती जागची हलली नाही.

तेवढ्यात त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. तिने घाईने विचारलं, "ताई, कागद झाल्यावर बाईला निघून जाता येतं ना?"

"का हो, त्रास देतात?"

"नाय. मी निघून जाईन म्हणून तो भितो, नीट वागतो. कागद झाल्यावर कशाला भिईल?"

"जाता येतं की," मी म्हटलं. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. मी कधी जाऊन बघितलेलं नाही, हे तिला सांगितलं नाही.

तो परत येऊन बसल्यावर मी तीन फोटो काढले. तिन्हींत तो कॅमेऱ्याकडे बघतोय आणि ती दाराकडे.