नोटीस लागली तेव्हा मावशी गावी होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधीच ओळखते.

दादरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात येतात ती बहुतेक सोसायट्यांच्या कमिट्यांची माणसं. गळती, पार्किंग, वारस, पुनर्विकास — वीस वर्षं मी कमिटीच्या बाजूनेच भांडतोय. त्यात चूक काय? कुणीतरी भांडायलाच हवं ना? मग ही एकच नोटीस घशात का अडकून बसलीय?

सोसायटी परळची. तिथे सुलूमावशी राहायची. सख्खी नव्हे, गावाकडची, आमच्याच वाडीतली. लग्न केलं नाही. तीस वर्षं भावाचं घर सांभाळलं, शेवटी त्याचं अंथरूणही. भाऊ गेला, मागे ना बायको ना मुलं. जागा त्याच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी कुणीच नाही. कायद्याने पहिला हक्क मावशीचा; पण जागा आपल्या नावावर करा म्हणून अर्ज आला तो त्याच्या पुतण्याचा, आधीच वारलेल्या दुसऱ्या भावाच्या मुलाचा. तो पुनर्विकासाला सही द्यायला तयार होता, मावशी नव्हती. कमिटीला कोण हवं होतं, हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी बोर्डावर नोटीस लागते — कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा. पेपरातही छापतात, पण ती वाचतो कोण? सेक्रेटरीने मला विचारलं, कधी लावू? मी म्हणालो, उद्याच लावा.

गणपतीला चार दिवस होते. मावशी दरवर्षी जागेला कुलूप घालून वीस दिवस गावी जाते, हे मला ठाऊक होतं; त्या वर्षीही ती गेलेलीच होती. मीही त्याच गावी जातो. ते मनात धरून ‘उद्याच’ म्हणालो, की फाईल एकदाची हलावी म्हणून? देवाशपथ, आता माझं मलाच कळत नाही. आठवत नाही, की आठवायचं नाही?

पण खरं ते नाहीच. तेवढंच असतं तर धंदा म्हणून पचवलं असतं.

गावी आरतीला सगळी वाडी आमच्या घरी जमली होती. आरतीनंतर मावशीने माझ्या हातावर करंजी ठेवली आणि सहज विचारलं, "सोसायटीत काय नवीन?"

"काय नाय गे, मावशी."

चौदातले नऊ दिवस तेव्हा शिल्लक होते. अशिलाचं गुपित बाहेर फोडू नये, हा आमचा नियम — मी स्वतःला हेच सांगत आलोय. पण बोर्डावर लावलेल्या कागदाचं गुपित कसलं?

ती परतली तोवर मुदत सरली होती. पुढे जागा पुतण्याच्या नावावर झाली. तिला कोर्टाची वाट अजून मोकळी होती. तेही मी सांगितलं नाही. एकदा ऑफिसात आली, समोर बसली आणि एवढंच विचारलं, हे तुला आधी ठाऊक होतं का? मी नाही म्हणालो. तिच्या डोळ्यांत बघून.

"माका वाटलाच," ती म्हणाली. "तुका म्हायत असता तर तू सांगितलं असतंस."

आता ती कायमची गावी असते. गणपतीत आरतीला आली की पहिली करंजी मलाच देते. मी ती खातो.