गाडी उठेपर्यंत

त्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायकोनं गाडीच्या ब्रेकमधली हवा काढली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दिवस बुडायच्या आत बायको गेली. तिला दुखायला कधी लागलं, हे मी आधी डॉक्टरला आणि मग पोरीला खोटं सांगितलं. खरं काय ते इथं लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, जसं येतं तसं लिहितो.

ब्रेकची हवा एकट्यानं निघत नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळ झोपून निप्पल, म्हणजे ब्रेकच्या तेलाचा बारका नट, उघडायचं. बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत येतं, की लगेच निप्पल बंद करायचं. तोवर वरच्यानं पाय सोडायचा नाही. सोडला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. आमच्या इथले, मध्य प्रदेशातल्या बालाघाटातले मिस्त्री या गाडीला हात लावत नाहीत. एक म्हणाला होता, "काका, इसको तो हम दूर से नमस्ते करते हैं." म्हणून इतकी वर्षं खालचे हात माझे आणि वरचा पाय माझ्या बायकोचा. दाब म्हटलं की दाबायची, धर म्हटलं की धरायची. गाडी चालवणं तिला येत नव्हतं, पण पेडल कडक आहे की पोकळ, हे ती माझ्याआधी सांगायची. "अजी, अजून पोचट लागून राह्यलं," म्हणायची, आणि तसंच असायचं.

मी मँगनीजच्या एका ठेकेदाराकडे बावीस वर्षं ड्रायव्हर होतो. ही गाडी त्याची. काळी, परदेशी, कातडी सीटची, मागच्या दोन जागांना वेगवेगळा एसी. ठेकेदार म्हातारा झाला, पोरं बाहेर निघून गेली, जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ती मी घेतली. लोक हसले. ड्रायव्हरनं हत्ती बांधला म्हणाले. काहून घेतली विचाराल, तर बावीस वर्षं मी तिचा दरवाजा दुसऱ्यांच्या बायकांसाठी उघडला होता. माझी बायको एकदाही आत बसली नव्हती. दिवाळीला धुवायला गाडी घरी आणायचो, तेव्हा ती काचेतून आत बघायची आणि मग काच पदरानं पुसायची, तिच्या बोटांचा डाग राहू नये म्हणून.

गाडी माझी झाली तेव्हा मी तिला मागं बसवलं, डावीकडे, मालकिणीच्या जागेवर. तिला ते कधीच आवडलं नाही.

"अजी, मले समोर बसू द्या न. मागं बसून मी काय तुमच्या टकलाशी बोलू?"

"ते मालकिणीची जागा हाय."

"मालकीण तं मालकीण, पण बोलाले कोणी नाई."

तरी मी तिला पुढं बसू दिलं नाही. मला आरशात ती तिथं बसलेली दिसायला पाहिजे होती. माझा हट्ट.

या गाडीच्या चाकांवर स्प्रिंग नाहीत, हवेचे फुगे आहेत. जुने झाले की रात्रीतून हवा गळते आणि गाडी खाली बसते. सुरू केली की कंप्रेसर घरघरतो आणि ती हळूहळू उठते, आधी मागून, मग पुढून. नवीन होती तेव्हा मिनिटभरात उठायची. माझ्याकडे आली तोवर दहा-पंधरा मिनिटं घ्यायला लागली. पहिल्यांदा बायकोच्या माहेरी, खैरलांजीकडे नेली, तर सकाळी अंगणात पोट टेकून बसलेली. तिच्या भावाची बायको म्हणते, "काहो जावईबापू, म्हैस उठत नाई काय तुमची? सरकीची ढेप आणू खायाले?" सगळं घर हसलं. सगळ्यात जास्त माझी बायको हसली. परतताना मी तिच्याशी वाटेतल्या रामपायलीपर्यंत बोललो नाही. रामाच्या देवळात तिनंच नारळ फोडून खोबरं माझ्या हातावर ठेवलं, तेव्हा राग गेला.

गाडी उठल्याशिवाय हलवायची नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. ठेकेदाराकडे नवा होतो तेव्हा एकदा घाई केली, तर रस्त्यातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. त्यानं मला खदानीच्या मजुरांसमोर दुपारभर उन्हात उभं केलं. तिथून पुढं कोणी कितीही घाई करो, मी कधी अर्ध्या उठलेल्या गाडीत सवारी बसवली नाही. आधी गाडी तयार, मग दरवाजा उघडायचा. बावीस वर्षं हेच. लोक म्हणायचे, ड्रायव्हर असावा तर असा.

आता त्या दिवसाचं.

दहाच्या सुमाराला आम्ही ब्रेकच्या कामाला बसलो. दूरच्या चाकापासून सुरू करायचं असतं. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला मी 'धर' म्हटलं आणि निप्पल उघडलं, तर पेडल सुटलं. नळीतून हवा आत ओढल्याचा आवाज आला.

मी खालूनच ओरडलो, "काहून सोडला? मी सोड म्हटलं काय तुले?"

"घसरला जी. पाय भरून आला."

"बसून तं हायेस. बसून पाय भरते काय?"

ती पुन्हा दाबायला लागली. ते चाक आम्ही परत केलं. मधे तिनं दोनदा विचारलं, "अजून किती हाय?" मी म्हटलं, होते तवा होते. ते चाक झालं तेव्हा बारा वाजत आले होते. ती गाडीतून उतरली आणि दरवाजा धरून उभी राहिली. म्हणाली, छातीत जळजळ होऊन राह्यली, हातातही कळ येते. मी म्हटलं, रात्रीच्या भज्याचं पित्त असेल, सोडा पी. तिनं सोडा प्यायला. मग माझ्यासाठी भाकरी थापल्या. मी जेवलो. ती जेवली नाही, आडवी झाली. हे मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं नाही.

चौथं चाक, ड्रायव्हर बाजूचं, राहिलं होतं. तिला झोपू द्यावं म्हणून मी एकटाच ते चाक उतरवून निप्पल साफ करत बसलो. गाडी त्या बाजूनं लाकडी ठोकळ्यावर होती. दोन वाजले असतील. ती दारात आली. लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं आणि तोंडाचा रंग गेलेला.

"दवाखान्यात नेता काय मले?" एवढंच बोलली.

मी हात पुसले. घरासमोर ऑटोवाला राहतो, पन्नाशीचा माणूस, दुपारी जेवायला घरी येतो. त्याचा ऑटो फाटकाबाहेरच उभा होता. त्यानं तिला पाहिलं आणि हातातला तांब्या टाकून आला.

"काका, बसवा काकूले माझ्या ऑटोत. पाच मिनिटात पोचवतो."

मी म्हटलं, "धक्के सोसणार नाई तिले. आपली गाडी हाय न."

"अजी काका, तुमच्या गाडीले चाक नाई अन् गोष्टी करता!"

"लावतो न. किती वेळ लागते?"

हे मी बोललो. तो साक्षीला आहे. तिला मी ओट्यावर बसवलं आणि चाक लावायला घेतलं. बोल्ट भोकात बसेना. पाच बोल्ट. मग जॅक लावून ठोकळा काढला, गाडी खाली आली. मग पेडल दाबून पाहिलं, ब्रेक लागतो की नाही. मग गाडी सुरू केली. सकाळपासून उभी, पार बसली होती. कंप्रेसर घरघरायला लागला.

ऑटोवाला म्हणाला, "चला न आता!"

मी म्हटलं, "उठू दे."

मला आज विचाराल की बायको समोर मरून राह्यली आणि तू गाडी उठायची वाट काहून पाहिली, तर डोक्यात तेवढंच होतं. मागून उठली. पुढून अडकली. मी बॉनेटवर हात ठेवून उभा, जसा सवारीसाठी उभा राहायचो. ती ओट्यावर डोळे मिटून बसली होती आणि ऑटोवाल्याची बायको तिला वारा घालत होती. पुढची उजवी बाजू शेवटी उठली, आणि मगच मी मागचा दरवाजा उघडला. चाक लावण्यापासून गाडी निघेपर्यंत पाऊण तास गेला.

ऑटोवाल्याची बायको म्हणाली, मी बसतो सोबत. मी म्हटलं, नको, तिले आडवं होऊ दे. म्हणून मागं ती एकटी होती. मी आरशात पाहत होतो, पण आडव्या माणसाचं तोंड आरशात दिसत नाही. काली पुतली चौकात गर्दी होती, मी हॉर्नवरचा हात काढला नाही. दोनदा "अवं" म्हटलं. पहिल्यांदा "हं" आलं. दुसऱ्यांदा आलं की नाही, हॉर्नमध्ये कळलं नाही.

दवाखान्यात तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती. डॉक्टर बाईनं विचारलं, "बाबा, दर्द कब से है?"

मी म्हटलं, "अभी, आधा घंटा हुआ."

बायकोनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला हिंदी चांगली समजायची. तिनं परत डोळे मिटले. बारा वाजल्यापासून म्हटलं असतं तर डॉक्टरनं पुढचं विचारलं असतं, की मग आतापर्यंत काय करत होते. ते मला सांगायचं नव्हतं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, सुया लावल्या, धावपळ केली. त्यांच्याकडून काही कमी झालं नाही. चार वाजून गेल्यावर डॉक्टर बाई बाहेर आली आणि माझ्यासमोर हात जोडले.

आम्हाला एकच पोरगी. रायपूरला नर्स आहे. फोनवर तिनं रडायच्या आधी विचारलं, "आईले दुखाले कवा लागलं?"

"दवाखान्यात नेलं त्याच्या अर्धा तास आधी."

"नक्की?"

"हौ."

ती म्हणाली, निघतो मी. ती असलेच पेशंट बघते. मला कळलं की तिला पटलं नाही. आणि हेही कळलं की खरं सांगितलं तर मला पोरगीही राहणार नाही.

बायकोला घरी आणलं ते दवाखान्याच्या गाडीतून. माझी गाडी तिथंच सोडली. आता ती परत आवारात आहे, जमिनीला टेकलेली. सुरू करत नाही.

पोरगी पहाटे आली. सकाळी खैरलांजीहून बायकोचा भाऊ माहेरचं हिरवं लुगडं घेऊन आला. माहेरचं लुगडं आल्याशिवाय आमच्यात बाई उचलत नाहीत. बायकांनी तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची हो. अहेवपणी गेली, नवऱ्याच्या हातावर." बाकीच्या माना हलवायला लागल्या. मोठं नशीब, काही त्रास नाही, झटक्यात गेली. ऑटोवाला फाटकाजवळ उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मला ते ऐकवेना. पोरगी आईच्या डोक्याशी बसली होती, तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसलो.

"अर्धा तास नाई," मी म्हटलं. "बारा वाजतापासून दुखत होतं तिले."

पोरीनं वर पाहिलं.

"तिनं मले सांगतलंही होतं. मी पित्त म्हटलं. मंग भाकरी खाल्ली. मंग दोन वाजता तिनंच म्हटलं, दवाखान्यात न्या. तवा मी चाक लावत बसलो, गाडी उठाची वाट पाहत बसलो. डॉक्टरले खोटं सांगतलं."

बायकोचा भाऊ म्हणाला, "भाऊजी, हे आता काहून? उचलू द्या आधी." मी त्याला हातानं थांबवलं.

पोरगी म्हणाली, "समोरचा ऑटो नव्हता?"

"होता. तो ने म्हणत होता. मी नाई म्हटलं."

ती फाटकाकडे पाहत राहिली. ऑटोवाल्यानं खाली पाहिलं. मी तिला विचारलं, डॉक्टरले खरं सांगतलं असतं तं वाचली असती काय? आईच्या कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं होतं, ते तिनं पुसलं आणि उठली. ओट्यापाशी माझ्यासाठी मडक्यात विस्तव घालून ठेवला होता. पोरगा नाही, म्हणून आग नवऱ्यानंच द्यायची, हे ठरलेलं होतं. ती मडक्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आईले आग मी देईन, बाबा. तुमच्या हातानं नको."

बायकोचा भाऊ म्हणाला, "अवं पोरी, नवरा जित्ता असताना पोरगी धरते काय मडकं? लोक काय म्हणतील?" दोन-तीन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिला रागावेन म्हणून.

मी उठलो. सुतळीनं बांधलेलं मडकं उचललं, गरम होतं. ते पोरीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पोरगीच धरेल." ती वैनगंगेच्या रस्त्याला लागली. लोकांनी तिरडी उचलली, आणि मी सगळ्यांच्या मागं चालायला लागलो.