मशीनची पारख

कडूबाने सारी हयात कुंभार पिंपळगावच्या बाजारात मापाडी म्हणून काढली. कापूस असो, तूर असो, काट्यापाशी कडूबा उभा असला की शेतकरीही गप्प आणि व्यापारीही गप्प. सकाळी काटा मांडला की पहिलं पोतं चढवण्याआधी तो आपल्याजवळचं लोखंडी वजन त्यावर ठेवायचा. ते वजन त्याने स्वतः पारखून घेतलेलं. काट्याने ते बरोबर दाखवलं तर काटा खरा, नाहीतर खोटा. मग आडत्या कितीही ओरडो, दुरुस्त झाल्याशिवाय कडूबा त्या काट्याला हात लावायचा नाही. असा हा खमका गडी म्हातारपणी दंडाला बांधायच्या एका पट्ट्याला भिऊन बसेल, असं कुणी म्हटलं असतं तर सगळा बाजार हसला असता.

भ्यायला कारणही तसंच घडलं होतं. त्याचा थोरला भाऊ जगन्नाथ बांधावर पाणी प्यायला बसला आणि बसल्या जागीच गेला. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलेलं असणार, हृदयावर ताण आला, पण कधी मोजलंच नाही तर कळणार कसं? तेराव्यानंतर कडूबा सरकारी दवाखान्यात स्वतःला मोजून आला, आणि त्याचंही बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाने, कल्याणने, जालन्याच्या दुकानातून बीपीचं मशीन आणून दिलं. तेव्हापासून त्या घरात शांतता म्हणून उरली नाही.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची. मोजायचं ते सकाळी, गोळीच्या आधी, चहा न पिता, पाठ टेकून जरा वेळ गप्प बसल्यावर. पण ऐकेल तो कडूबा कसला! हा चहा पिऊन मोजायचा, नळावर भांडून आला की मोजायचा, आणि आकडा वाढलेला दिसला की त्या धसक्याने पुन्हा मोजायचा. मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला की गोळी रात्री घेतली तर हृदयाला जास्त चांगली. याने लगेच रात्रीची सुरू केली. पुढे एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, छे, सकाळचीच बरी. हा पुन्हा सकाळवर आला, आणि या अदलाबदलीत कधी गोळी चुकली तर कधी दोनदा पोटात गेली. तेव्हा बाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. "सकाळी घ्या न्हाईतर रात्री घ्या, बाबा. पण एक वेळ धरा आणि ती सोडू नका. गोळीच्या वेळेपेक्षा तुमची धरसोड जास्त नडते."

ती वेळ शेवटी धरली झुंबरबाईने, त्याच्या बायकोने. तव्यावर पहिली भाकरी टाकायच्या आधी ती वाटीत गोळी आणि तांब्याभर पाणी त्याच्यापुढे ठेवायची आणि गोळी गिळली जाईपर्यंत हलायची नाही. बाळंतपणं सोडली तर या बाईने कधी अंथरूण धरलेलं कडूबाला आठवत नव्हतं. उन्हात कापूस वेचून आली तरी तिची संध्याकाळची कामं तशीच.

आणि एक दिवस, सगळं नेमाने चाललेलं असताना, मशीनने कडूबाचा आकडा एकदम वर दाखवला. त्याचं धाबं दणाणलं. पुन्हा मोजलं तर आणखी वर. तो घामाघूम झाला, जगन्नाथ डोळ्यांपुढे आला. मग एकाएकी त्याच्यातला मापाडी जागा झाला. काटाच खोटा असला तर? आता पारखायला वजन हवं, खात्रीचं.

"आगं, इकडं ये. बस इथं," त्याने झुंबरबाईला हाक मारली.

"मला कशाला? मला काय झालंय?"

"तुला काही झालं न्हाई, म्हणून तर बोलवून राह्यलो."

त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन घरघरलं, थांबलं, आणि वरचा आकडा एकशे ऐंशीच्याही पुढचा निघाला. कडूबाने मांडीवर थाप मारली. "खोटं हे! बिलकुल खोटं! दगडासारखी धडधाकट बाई, अन् हिला एकशे ऐंशी!" कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. झुंबरबाई पट्टा सोडवून उठली. "मंग देऊन या परत," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेऊन कडूबा एसटीने जालन्याला गेला. दुकानदार सोमेश्वर तसा तरुण, पण सबुरीचा. त्याने कडूबाला पंखा लावून खुर्चीत गप्प बसवलं आणि मगच मोजलं. आकडा छान आला. मग त्याने स्वतःचं मोजलं. दुकानातलं दुसरं नवं मशीन काढून पुन्हा दोघांचं ताडून पाहिलं. आकडे जवळजवळ सारखेच.

"काका, मशीन एकदम बराबर हे. तुम्ही घाबरून मोजलं असंल, म्हणून तुमचं वाढलं."

"मंग एकशे ऐंशी कसं दाखवलं यानं?"

"तुम्हाला?"

"मला न्हाई. आमच्या घरी. बायकोला."

सोमेश्वरचा हात थांबला. "काका," तो हळूच म्हणाला, "काकूंना दवाखान्यात दाखवलं का?"

 मशीन पिशवीत कोंबून कडूबा स्टँडकडे धावत सुटला. गाडीत बसल्या बसल्या त्याने घरी फोन लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेजारच्या पुष्पाबाईचा नंबर त्याच्याकडे नव्हता. कल्याणला लावावा, तर काय सांगावं? तुझ्या आईला मी वजन म्हणून वापरलं, आणि काट्यालाच खोटं ठरवून आलो?

अंबडला गाडी थांबली आणि ड्रायव्हर चहाला उतरला. कडूबाचा जीव नुसता टांगणीला लागला. एकेक गोष्ट आता आठवायला लागली. दुपारी ती कपाळाला बाम लावायची आणि ऊन लागलं म्हणायची. मागच्या आठवड्यात हंडा उतरवून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली होती, आणि हा बाजूलाच पट्टा बांधून आपला आकडा बघत बसला होता. घरात मशीन आल्यापासून त्याने स्वतःला शेकडो वेळा मोजलं असेल. तिला एकदाच मोजलं, आणि तेही स्वतःसाठी. कडूबाला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठी भीती वाटली. जगन्नाथलाही कुणी मोजलं नव्हतं.

घनसावंगी गेलं, तरी फोन उचलेना. पिंपळगावच्या फाट्यावर उतरून तो घराकडे धावला. दाराला बाहेरून कडी. कडी काढून पाहिलं, तर आत मोबाइल चार्जिंगला लावलेला, वाजून वाजून दमलेला. "झुंबरे!" त्याने अशी आरोळी ठोकली की पुष्पाबाईच्या अंगणात पापड लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांच्यातच झुंबरबाई बसली होती, हातात लाटणं.

"काय झालं? असे काय करून राह्यले?"

 कडूबा तिथेच ओट्यावर टेकला. मग तिला उठवून घरी आणलं, भिंतीला पाठ टेकून बसवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, आयुष्यात पहिल्यांदा, नीट थांबून, न बोलता मोजलं.  आकडा कालच्याच घरात.

"परत न्हाई केलं का? खोटं होतं ना?" तिने विचारलं.

"मशीन खरं हे, झुंबरे."

तिने दंडावरचा पट्टा सोडवून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मला म्हाईत हे."

"काय म्हाईत हे?"

"दिवाळीच्या आधी शाळेत शिबिर भरल्तं ना, तिथल्या नर्सबाईंनं मोजल्तं. लगेच दवाखान्यात जा म्हणाली."

"अन् तू बोलली न्हाई?"

"तेव्हा भावजी नुकते गेल्ते. तुम्ही रात्रंदिवस पट्टा बांधून बसायचे. म्या बी आजारी हे म्हणाले असते, तर तुम्ही गोळी घ्यायची सोडून माझ्याकडं बघत बसले असते. घरात एकानं तरी धड असायला पायजे ना? म्हणलं, आधी तुमचं बसू द्या नीट, मंग माझं बघू."

कडूबा रडला. बाजारात ज्याच्यापुढे आडते चळाचळा कापायचे, तो माणूस बायकोचा दंड धरून लहान पोरासारखा हुंदके देत रडला. आणि ती, आकडा एकशे ऐंशीच्या वर असताना, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आवं, रडू नका, तुमचं वाढंल."

"गप बस. ऊठ. दवाखाना बंद व्हायच्या आत जायचंय."

डॉक्टरीणबाईंनी तिला निजवून पुन्हा मोजलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, लघवी तपासली. हृदयाला अजून इजा झालेली दिसत नाही म्हणाल्या, पण इतके महिने अंगावर काढलं म्हणून रागावल्याही. गोळी सुरू केली, आठवड्याने पुन्हा बोलावलं. छातीत दुखलं, हातापायात ताकद गेली, बोलताना जीभ अडखळली, तर वेळ न बघता यायचं, असं कडूबाला दोनदा बजावलं. कडूबाने ते त्यांना परत म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई नेहमीप्रमाणे वाटीत त्याची गोळी घेऊन आली. कडूबाने ती गिळली. मग तिने गॅसकडे हात नेला, तर हा आडवा उभा.

"भाकरी थांबू दे. बस, पाठ टेक. बोलू नको."

त्याने पट्टा बांधला. आकडा अजून बराच वर होता. या वेळी तो मशीनवर चिडला नाही. दुसऱ्या वाटीतली गोळी त्याने तिच्या तळहातावर ठेवली, तांब्या पुढे केला, आणि ती गिळेपर्यंत हलला नाही.

स्वतःचं बीपी मोजायचं राहून गेलं, हे त्याला दुपारी जेवायला बसेपर्यंत आठवलंच नाही.