बंदीचा धबधबा

धायरीच्या मागच्या डोंगरावर, दगडखाणीच्या कडेला आमची पत्र्याची वस्ती होती. अप्पा पहारीनं कातळात सुरुंगाची भोकं पाडायचे, आई खाली बसून खडी फोडायची. सुरुंग उडाला की भोकाची अर्धी खाच कड्यावर उरायची. पावसाळ्यात वरच्या ओढ्याचं पाणी खाणीच्या कड्यावरून पडायला लागलं की खाण भरायची, काम थांबायचं. त्या पडत्या पाण्याला आमच्यात ‘बंदी’ म्हणायचे. “बंदी लागली का गं?” बायका एकमेकींना विचारायच्या आणि पिठाचा डबा हलवून बघायच्या. पाणी पडत असेपर्यंत आम्ही एक वेळ जेवायचो. धबधबा बघून मला अजून भूकच लागते.

पुढे शहर डोंगराला येऊन भिडलं, खाण बंद पडली, वस्ती उठली. तोवर मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. आमच्या घरातली पहिली. हे मी सगळ्यांना सांगते.

मागच्या पावसाळ्यात मी अप्पांना वर घेऊन गेले. गाड्यांची रांग, भाजलेली कणसं, सेल्फी. आणि नवाकोरा फलक: ‘निसर्गनिर्मित धबधबा. कड्यावरील उभ्या खाचा प्राचीन असाव्यात.’

“पांडवांनी केलंय, एका रात्रीत,” एक पोरगा मैत्रिणीला सांगत होता.

अप्पांनी ओल्या खाचेवरून बोट फिरवलं. “पांडव म्हनं! एका भोकाला अर्धा दिस जायचा. ही माजी. ती तुज्या काकाची, वाकडी हाय बघ. कायम घाई त्याला.” मग फलकाकडे बघितलं. त्यांना वाचता येत नाही. “आपलं काय लिवलंय?”

“काही नाही,” मी म्हणाले. पदवी घेऊन हेच सांगायची वेळ आली.

दुसऱ्याच दिवशी मी फलक लावणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले.

“अहो ताई, धबधबा निसर्गनिर्मित नाही, तर काय कारखान्यात केला?” कारकून म्हणाले.

“पाणी निसर्गाचं. कडा आम्ही तोडलाय.”

“पुरावा?”

“माझे वडील.”

“बरं. त्यांची झेरॉक्स जोडा.”

फलक बदलायचा अर्ज दिला. पुढच्या खेपेला साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला कागद दुसऱ्या टेबलावर, आणि ते टेबल जेवायला गेलेलं. मग कारकुनांनी अर्ज वाचला एकदाचा. “‘बंदीचा धबधबा’? लोकांना वाटेल, प्रवेशबंदी आहे.”

“वाटू दे. कचरा तरी कमी होईल.”

ते हसले, पण शिक्का मारला नाही. दिवाळीनंतर म्हणाले, “पाणी आटलं, आता कशाला फलक?” तेव्हा मी खुर्चीतून उठलेच नाही. साहेब पाहणीला यायला कबूल होईपर्यंत बसून राहिले.

पाहणीच्या दिवशी अप्पा जुनी पहार खांद्यावर टाकून डोंगर चढले. मी साहेबांना आमच्या खाणीचा इतिहास सांगायला लागले, तर ते घड्याळ बघायला लागले. अप्पांनी पहार कोरड्या खाचेत उभी धरली. चपखल बसली. साहेबांनी घड्याळ सोडलं आणि स्वतः बोट घालून बघितलं.

या पावसाळ्यात फलक बदलला. अप्पांनी पुन्हा विचारलं, “आपलं काय लिवलंय?”

मी मोठ्यानं वाचलं: ‘बंदीचा धबधबा. जुन्या दगडखाणीचा कडा. सुरुंगाच्या खाचा खाणकामगारानी हातांनी पाडल्या.’ कामगारांवरचा अनुस्वार राहिलाय, त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय. पण फलकावर आमची खाण आहे.