आत्यानं चाटलेलं मधाचं बोट

कुसुम आत्या मेली.

"देवाघरी गेली" असं मी लिहिणार नाही. साखर लावून बोलणं तिले जमत नव्हतं, मले बी जमत नाही.

आज तिचं दहावं. इतके दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसती फुलं पडून राहिली. "मायेची सावली हरपली." "अशी आत्या होणे नाही."

फोटो बी माझ्या बहिणीच्या लग्नातला, कापलेला. आत्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात तसाच राहिला. तेवढं बी नीट कापता आलं नाही.

हेच लोक तिले हॉस्पिटलात काय म्हणत होते, ते कोणाच्या स्टेटसवर दिसलं नाही. म्हणून मी लिहून राहिलो. नववी नापास आहो, शुद्धलेखन पाहू नका.

पल्लवी माझी बहीण. नागपूरजवळ वाडीले भाड्याच्या खोलीत राहते. तीन वर्षांमागं तिची पोरगी जन्मली तेव्हा पोरीचं आतडं अर्ध्यातच बंद होतं.

दूध पाजलं की हिरवी उलटी. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन. एवढुशा पोटावर टाके, नाकात नळी, अन् नळीतून हिरवं पाणी.

पल्लवीचं सीझर झालेलं, तिले उठता येत नव्हतं. मी तेव्हा सुरतचं काम सोडून घरी आलो होतो, तर औषधाच्या चकरा माझ्याकडं.

अन् काटोलहून आत्या आली. संत्रा मार्केटात फळ निवडायचं काम सोडून आली, पोरीच्या पाळण्याजवळ स्टूल टाकलं अन् बसली.

सिस्टरनं एकदाच सांगितलं, "आजी, तोंडात काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंब बी नाही. नळीतलं हिरवं कमी होऊ द्या, शी होऊ द्या, मग दूध."

आत्याले आतड्यातलं काही समजत नव्हतं. "द्यायचं नाही" एवढं समजलं.

मग भेटायच्या वेळेत मोठे बाबा अन् मोठी आई आले. मोठे बाबा म्हणजे आत्याचे सख्खे मोठे भाऊ. गांधीबागेत कापडाच्या दुकानात गादीवर बसतात, त्याच्यानं त्यांले सगळंच समजते.

"लेकरू कधीपासून उपाशी आहे गा?" मले विचारलं, जसं मीच दूध बंद केलं.

"सलाईन चालू आहे."

"सलाईननं पोट भरते काय?"

तोपर्यंत मोठ्या आईनं पर्समधून मधाची बाटली काढली. बोटात सोन्याची अंगठी होतीच. सोन्याच्या बोटानं पहिला मध चाटवला की लेकरू नशीबवान निघते म्हणे. बोट बुडवलं अन् पाळण्यात वाकली.

आत्यानं मनगट धरलं.

"वयनी, मांगं घे."

"काहून? एका बोटानं काय होते वं?"

"मांगं घे म्हटलं ना."

मोठी आई ऐकेना. तर आत्यानं तो हात ओढला अन् ते मधाचं बोट, अंगठीसकट, सरळ आपल्या तोंडात घातलं. चाटून साफ केलं.

"गोड आहे. झालं. आता जाय."

बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मले बी हसू आलं.

मग मोठी आई बोलली.

"सोताले एक लेकरू झालं नाही, आता दुसऱ्याचं उपाशी मारून राहिली. डायन आहे ही."

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. मोठे बाबा भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं अन् परत स्टुलावर बसली. त्याच्यानंतर भेटायची वेळ झाली की ती पाळण्याले पाठ लावून, दरवाजाकडं तोंड करून बसायची. येणाऱ्याच्या चेहऱ्याकडं नाही, हाताकडं पाहायची.

एका सकाळी पोरीनं शी केली. काळपट हिरवी, जराशीच.

आत्या ते फडकं घेऊन सिस्टरकडं पळाली. "पाह्य वं बाई, हागली माही पोरगी."

मले पिटाळलं संत्रा बर्फी आणाले. सगळ्या वॉर्डात वाटली. मोठे बाबा आले तर त्यांच्यापुढं बी डबा धरला.

"हागल्याची बर्फी आम्ही खात नसतो," ते म्हणाले.

"नको खाऊ दादा. तुले रोज होते, तुले काय किंमत."

पल्लवीनं काढून दिलेलं दूध दुपारी सिस्टरनं नळीतून सोडलं. सिरिंज वर धरायची, दूध आपोआप उतरते. चमचाभर बी नव्हतं.

दूध उतरत होतं अन् आत्याचा गळा हलत होता. जशी तीच गिळून राहिली.

उलटी झाली नाही. मग हळूहळू वाढवलं, मग वाटी-चमच्यानं, मग पल्लवीनं जवळ घेतलं. आता ती पोरगी तर्री-पोहे मागून खाते.

मी सध्या कामासाठी तिकडं तमिळनाडूत, होसूरले आहो. मातीले पोहोचता आलं नाही. आज जेवणाच्या सुट्टीत जावयानं, म्हणजे पल्लवीच्या नवऱ्यानं, नदीवरून व्हिडिओ कॉल लावला.

पिंड ठेवलेले, कावळा शिवेना. मोठे बाबा हात जोडून उभे. "कुसुम, काय राहिलं तुयं, सांग." कोणीतरी म्हणे, संत्रा बर्फी ठेवा, तिले आवडे.

आता बर्फी.

पोरगी भुकेनं रडून राहिली होती. मोठी आई तिले म्हणे, "थांब वं. कावळा शिवल्याबिगर कोणी खात नसते."

थांब म्हणे.

डॉक्टरनं थांबवलं तर पाप होतं. कावळ्यानं थांबवलं तर धरम.

पल्लवी उठली. सगळ्यांसमोर डबा उघडला, वरण-भात कालवला अन् पोरीले भरवाले लागली.

"आत्याचा जीव अडकून राहीन," मोठी आई म्हणे.

"अडकला असन त ह्याच्यातच असन," पल्लवी म्हणे.

माझी सुट्टी संपली, फोन ठेवला. कावळा शिवला का नाही, मले माहीत नाही. विचारणार बी नाही.

ग्रुपवरच्यांनो, फुलं पाठवणं बंद करा. मले टॅग तर करूच नका.

आत्या, पोरगी जेवली.

जाय आता.