साहेबांची दुसरी लाइन

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून येऊन मी गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागलो. बाहेर मोहरीचं शेत, आत एसी. देशाने दारं उघडली होती म्हणे. आमच्या खिडक्या मात्र उघडत नसत. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो.

ऑफिसचा राउटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. इंटरनेटसाठी ऑफिसला टेलिफोनच्या दोन लाइनी होत्या. पहिली सतत चालू. तिच्यावर गर्दी झाली की राउटरने आपणहून दुसरी डायल करायची आणि गर्दी ओसरली की फोन ठेवून द्यायचा. इतकं समजूतदार त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

साहेबांना हे काही पटेना. "मतलब, दुसरी लाइन कोई भी लगा लेगा? क्लार्क भी?"

"सर, राउटर को पोस्ट नहीं दिखती, लोड दिखता है."

"तो उसे सिखाइए."

मी शिकवलं. साहेबांच्या कॉम्प्युटरने मागितली तरच दुसरी लाइन लागेल, असं सेटिंग करून टाकलं. त्या कॉम्प्युटरवर कायम प्लास्टिकचं कव्हर असे. शिपाई पुसण्यापुरतं ते काढी, तेवढाच त्याचा वापर.

ड्रॉइंग विभागात एक मराठी ताई होत्या. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीत वाढलेल्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या, आणि आमच्याकडे कंत्राटावर. एके दिवशी एका परदेशी कंपनीकडे त्यांचे नकाशे चारच्या आत पोचायचे होते. ती ऑर्डर मिळाली की ताई पक्क्या होणार होत्या. तीन वाजता त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"अरे, फाइल जातच नाहीये यार. सगळे एकाच लाइनीवर बसलेत. दुसरी देतोस का, अर्धा तास फक्त?"

"साहेबांना विचारतो ना, ताई. बिल्कुल विचारतो."

साहेब जेवायला बाहेर गेले होते. पासवर्ड माझ्याकडे होता. सेटिंगमधली एक ओळ पुसली की काम झालं असतं. पण माझं प्रोबेशन संपायला आठवडाच उरला होता. मी रीतसर अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर पेपरवेट ठेवलं. ताई माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या. "अर्ज दिलाय," मी त्यांना सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, आणि तरी मी जागेवर जाऊन बसलो.

साडेचारला साहेब आले. अर्जावर त्यांनी मोठ्या मनाने ‘मंजूर’ लिहिलं. दुसरी लाइन लागली, फाइल पंधरा मिनिटांत गेली, आणि ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली.

अहवालात कारण लिहिलं, लाइन मंद होती. खाली सही माझी. पुढच्या आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्यात माझ्या शिस्तीचं खास कौतुक होतं. ताईंचं कंत्राट महिनाअखेरीला संपलं. शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना त्यांनी सहज विचारलं, "पासवर्ड तुझ्याकडे नव्हता का रे?"

"नव्हता," मी म्हणालो. तोवर मी पक्का झालो होतो.