चौकातला गोरक्ष

मिरजगावात मोठं व्हायचं असेल तर आधी गोरक्षच्या दुकानात जावं लागतं. कुणी सोसायटीचा चेअरमन होवो, नाहीतर कुणाचा नुसता वाढदिवस येवो, त्याला वीस फुटांचा करून चौकात टांगायचं काम गोरक्षचं. फ्लेक्सचं डिझाईन इथं, छपाई नगरला. गिऱ्हाइकाची दुसरी हनुवटी कापायची, गालावरचे वांग पुसायचे आणि टकलावर जुन्या फोटोतले केस आणून बसवायचे, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. माझं चहाचं हॉटेल त्याच्या दुकानाला लागून असल्यानं ही सगळी शस्त्रक्रिया मी रोज पाहतो.

पन्नाशी जवळ आली तसं गोरक्षला एक दुखणं जडलं. त्याचा वर्गमित्र भिमाजी साखर कारखान्याचा संचालक झाला. अभिनंदनाचा फ्लेक्स गोरक्षनंच केला, भिमाजीला चांगला पंधरा वर्षांनी तरुण करून. महिन्याभरानं त्याच फ्लेक्सखालून मोटारसायकल नेताना यानं वर पाहिलं आणि माझ्याकडे येऊन मोठा उसासा टाकला. म्हणाला, भिम्याचं वय कसं वाढत नाही. माणसाला यश मिळालं की तेज चढतं ते असं. ते तेज आपणच माऊसनं घासघासून चढवलंय, हे हा गृहस्थ साफ विसरला होता. आचाऱ्याला आपल्याच हातचं बाधावं, तशातली गत. मी आठवण करून दिली, तर म्हणे, मुळात काहीतरी असल्याशिवाय चढत नाही.

मग आरशासमोर उभं राहणं सुरू झालं. तेवढ्यात दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला. फ्लेक्स अर्थातच गोरक्षकडे, पण स्वतः मेळाव्याला जायला तो तयार होईना. सगळे कुठल्या कुठे पोचले आणि आपण त्यांची तोंडं धूत बसलो, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर कापला. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मला वाईट वाटलं.

शेवटी त्यानं एक मार्ग काढला. फ्लेक्सवर मित्रांच्या रांगेत स्वतःचाही फोटो टाकला आणि हात जरा सैल सोडला. फ्लेक्स लागला तेव्हा भिमाजीशेजारचा हा देखणा तरुण कोण, हे मलाही नाव वाचून कळलं.

मेळाव्याच्या सकाळी भिमाजीची गाडी दुकानापुढं थांबली. मी चहा घेऊन गेलो. भिमाजीनं टोपी काढून टक्कल पुसलं. डोळ्यांखाली पिशव्या, पायऱ्या चढून दम लागलेला. गोरक्ष त्याच्याकडे जन्मात पहिल्यांदा पाहिल्यासारखा बघत राहिला. भिमाजीचं मात्र लक्ष बाहेर चौकातल्या मेळाव्याच्या फ्लेक्सकडे.

"तुझं बरंय गड्या," तो म्हणाला, "दहावीत हुतास तसाच हायस. आमची सगळी गाडी गोळ्यांवर चाललीया. रातीला झोप न्हाई."

खरा गोरक्ष, पिकल्या मिशांचा, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्यानं खरं सांगून टाकायचं, तर म्हणाला काय, की सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस घेतो. भिमाजीनं ड्रायव्हरला लगेच कारली आणायला पिटाळलं.

गोरक्ष छाती काढून मेळाव्याला जाऊन आला. दोन दिवस खुशीत होता. तिसऱ्या दिवशी चौकात पुन्हा मान वर गेली आणि दुखणं उलटलं. पूर्वी निदान भिमाजीशी तुलना होती. आता ज्याची बरोबरी जमत नव्हती, तो स्वतःच वर हसत उभा होता.

मुदतीआधीच त्यानं फ्लेक्स उतरवला. आमच्याकडे उतरलेला फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर झाकायला जातो, मग त्यावर संचालक असो की आणखी कुणी. मी एक टोक धरून त्याच्या घरापर्यंत गेलो. त्याच्या बायकोनं, मनकर्णावहिनींनी, फ्लेक्स गंजीवर टाकला, पण छापलेली बाजू खाली करून. गोरक्षला ते लागलं. एवढा चांगला फोटो, तो पालथा कशाला, म्हणाला.

वहिनी दोरी आवळत होत्या. "त्या मानसाला बघून गाय बुजती," त्या म्हणाल्या. "तुमाला वळखती ती."

गोरक्षनं दोरीचं दुसरं टोक धरलं.